धुरावर टांगलेली नऊ पुस्तकं

लिहून ठेवते मी, पोशी ढवळू वारघडे, वय एक्कावन्न (आधारवर चोपन्न आहे ते चूक आहे), शिक्षण चौथी, राहणार वरचा पाडा, पोशेरा, तालुका मोखाडा. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी काही पाजलेलं नाही, कोणी दटावलेलं नाही. येत्या गुरुवारी नाशिकला माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टरने दोन कागदांवर सही घेतली आणि वर म्हणाला, काही होणार नाही. काही होणार नाही तर सही कशाला? म्हणून हा तिसरा कागद मी माझ्या हाताने लिहिते. पैसे घेऊन लिहून देणारा एकजण होता, पण त्याचं लिहिलेलं मला वाचता येईना. जे वाचता येत नाही त्याच्याखाली मी सही करत नाही. डॉक्टरचे दोन कागद सोडून.

१. घरकुल माझ्या नावावर आहे. ते मुलगा हेमंत आणि सून हर्षदा, दोघांच्या नावाने व्हावं. एकट्या हेमंतच्या नावाने नाही. तो माझा मुलगा आहे म्हणूनच सांगते. त्याचा बापही गोड बोलायचा, आणि एक दिवस न विचारता बैल विकून आला. हेमंत गप्प बसून काय काय करतो ते पुढे येईल.

२. डोंगरउतारावरचं नागलीचं वरकस आणि खालची भाताची खाचरं हेमंतला. पण आधी मोजणी करून घ्यावी. बांधावरचा साग पूर्वी आमच्या बाजूला होता, आता दीर देवानंदच्या बाजूला आहे. झाड चालत नाही.

३. जातं, कोयता, दोन विळे आणि कोंबड्या हर्षदाला. तांबडी कोंबडी शेजारी अंडी घालते, तिच्यावर लक्ष ठेवावं.

४. पुस्तकं. हा कागद लिहायला घेतला तो याच्यासाठी.

जव्हारला अब्दुलभाई शेख यांच्या घरी मी अकरा वर्षं स्वयंपाक केला. त्यांची बायको झरीनाबी नातवंडांना मांडीवर घेऊन चित्रांची पुस्तकं दाखवायची आणि मी चपात्या लाटत ऐकायची. नातवंडं ठाण्याला गेली तेव्हा तिने दहा पुस्तकं मला देऊ केली. मोठी, जाड पानांची, हात फिरवला तर रंग बोटाला लागेल अशी. फुकट कोण देतं? उद्या चोरीचा आळ आला तर? म्हणून मी तिच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली. ती हसली, चिठ्ठी दिली आणि म्हणाली, "पोशी, ही बच्चे लोकांच्या हातात दे. बांधून ठेवलीस तर मी दिलीच नाहीत समज." चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात आहे.

पहिलं वर्ष मी दिली. पाड्यावरची पोरं ओट्यावर बसायची. मी अक्षरं थोडी वाचायची, बाकी चित्र बघून आमच्या बोलीत सांगायची. त्यांना निळ्या माशाचं पुस्तक सगळ्यात आवडायचं. दोन पानं भरून एक मासा आणि त्याच्या पोटाखाली लपलेली बारकी मासोळी. मासोळीला मी शेजारच्या पोराचं, लाडक्याचं, नाव ठेवलं होतं, कारण तोही कामाच्या वेळी सापडत नसे. पुढे त्याच लाडक्याने दुसऱ्या पुस्तकातला वाघाचा कान चावून फाडला. देवानंद म्हणाला, वहिनी, माझ्या काचेच्या कपाटात ठेवू, टीव्हीशेजारी शोभतील. त्याच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही, कलम दोन बघावं. म्हणून आम्ही बियाणं ठेवतो तशी मी पुस्तकं खताच्या गोणीत घालून चुलीवर धुरात टांगली. धुराने कीड लागत नाही. बियाण्याला चालतं ते पुस्तकाला चालेल, असं मला वाटलं. पोरांना सांगितलं, मोठे व्हा, मग बघा.

टांगली तेव्हा दहा होती. दिवाळीनंतर हेमंत-हर्षदासकट माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली, मग मी मोजली तर नऊ. मासा गेला होता. मी हर्षदाचं नाव घेतलं. ती परत आली तेव्हा सगळ्या पाड्यासमोर तिचं गाठोडं झटकलं. काही निघालं नाही. तेव्हा मी ठरवलं की हिने विकलं. दोन पावसाळे तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. ती उलट एक शब्द बोलली नाही, आणि न बोलणाऱ्यावर माझा संशय जास्त.

यंदा भट्टीवरून आल्यावर माझी नात रविना ओट्यावर पोरांना सांगत होती की मोठा मासा असा येतो आणि लाडक्या त्याच्या पोटाखाली लपतो. शब्द माझे होते. पण गोणी टांगली तेव्हा ह्या पोरीला धड बोलता येत नव्हतं. मग माझे शब्द तिच्या तोंडात घातले कोणी? मी हर्षदाला विचारलं. ती त्यांच्यासोबत भट्टीवर जाणाऱ्या सोम्याच्या घरी गेली आणि पुस्तक घेऊन आली. भट्टीवर ते झोपडी-झोपडी फिरत होतं आणि परतताना सोम्याच्या गाठोड्यात यायचं. हेमंतला सगळं माहीत होतं.

"चोरलं, आत्या," ती म्हणाली. "विकलं नाही. तिथे पोरं दिवसभर मातीत बसतात. तुम्ही सांगायच्या तसंच सांगितलं."

मी पुस्तक उजेडात धरलं. कोपरे झिजलेले, मधलं पान पोत्याच्या दोऱ्याने शिवलेलं, पानोपानी विटेच्या लाल बोटांचे ठसे. मासा मात्र निळाच होता. मग मी गोणी खाली काढली. नऊही पुस्तकांना धुराचा वास, पानं चिकटलेली, मोर, वाघ, नदी सगळं चहाच्या रंगाचं. माझ्या राखणीतलं एकही शाबूत राहिलं नाही.

५. म्हणून दहाही पुस्तकं हर्षदाची. मी तिला सगळ्या पाड्यासमोर चोरटी म्हणाले, म्हणून हा कागद सगळ्या पाड्यासमोर वाचायचा. हे कलम दोनदा.

६. अटी. पुस्तकांना कुलूप नाही, कपाट नाही, धूर नाही. अक्षर नंतर, आधी चित्र. पोराचं बोट जिथे थांबेल तिथे आपण थांबायचं, आणि पान पोरानेच उलटायचं. फोटो काढायला कोणी आलं तर आधी त्याने पोरांना एक पुस्तक पुरं सांगावं, मग फोटो. बरेचजण तेवढ्यात निघून जातील.

भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्यात एक पुस्तक द्यायचं आणि परत आल्यावर ते तपासायचं. फाटलं, शिवलं, लाल झालं असेल तर काही विचारू नये. पण जसं नेलं तसं स्वच्छ परत आलं, तर त्या घराला जाब विचारावा. तिथे माझा संशय राहील.

७. मी नाशिकहून परत आले तरी हा कागद फाडणार नाही.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मला सांगितलं आहे. देवानंद साक्षीदार आहे, त्यावरून त्याने काय ते समजावं. अब्दुलभाईंना मुद्दाम बोलावलं, कारण पुस्तकं बांधून ठेवली हे झरीनाबीला तोंडाने सांगायचं माझं धाडस नाही. त्यांनी घरी जाऊन सांगावं.

सही: पोशी ढवळू वारघडे

साक्षीदार:
१) देवानंद वारघडे, पोशेरा (वाचून सही केली. साग आमचाच आहे.)
२) अब्दुल शेख, जव्हार

ठिकाण: वरचा पाडा, पोशेरा
तारीख: ८ जून २०२५