आईला तिखट हवं होतं

प्रिय दादा,

आज रविवार, लॉन्ड्रीला सुट्टी. सकाळपासून भाजीचा रस्सा करत होते. वांगं, बटाटा, फ्लॉवर, थोडे मटार, आपल्या घरी व्हायचा तसा. पण इथल्या दुकानातलं तिखट नुसतं लालभडक, जिभेला काही कळतच नाही. शेवटी सुक्या मिरच्या आणल्या, तव्यावर भाजल्या आणि फडक्यात बांधून लाटण्याने ठेचल्या. आपली ती जड लोखंडी कढई, ओट्याखालचा खलबत्ता, एवढंच काय, तो आपला किरकिरणारा पाटसुद्धा आठवला. ही खोली एवढीशी, की पलंगावर बसून गॅसवरचं ढवळता येतं. फोडणीत मिरची पडली आणि असा खकाणा उठला की खालचा टायरवाला खोकत वर आला आणि दार बडवायला लागला.

दार वाजलं तशी आई पलंगावरून उठली आणि कपाट नि भिंत यांच्या फटीत जाऊन उभी राहिली. हो, आई माझ्याकडे आहे. तिला शोधत फिरू नकोस. मी खोली बदलली आहे आणि पाकिटावर माझा पत्ता घातलेला नाही. टायरवाला बिचारा एवढंच म्हणाला, "ताई, खिडकी तरी उघडा, गिऱ्हाईक पळालं माझं." तो गेला, तरी आई बराच वेळ बाहेर आली नाही. मी गॅस बारीक केला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिले.

कपाटामागे लपायला आपण दोघं तिच्याकडूनच शिकलो ना रे? बाबा ट्रक लावून घरात आले की आपण त्यांच्या जबड्याकडे बघायचो. पहिला घास चावताना जबडा थांबला की समजायचं, भाजी सपक झाली. मग ताट भिंतीवर. एकदा त्यांनी उकळती कढई लाथाडली, माझं पाऊल भाजलं, आणि तू मला उचलून तसंच पाण्याच्या बादलीत उभं केलंस. पट्टा निघायचा तेव्हा तू माझ्यावर पालथा पडायचास. बक्कल तुझ्या भुवईवर लागलं त्या दिवशी तुझं रक्त माझ्या केसांत ठिबकत होतं आणि तू माझ्या कानात म्हणत होतास, "आता दमेल, आता दमेल." दादा, माझ्यासाठी इतकं आजवर कुणीच काही केलेलं नाही.

आणि तू मोठा झालास तो दिवसही आठवतो. बाबांनी आईवर हात उगारला आणि तू तो हवेतच धरलास. मग त्यांना भिंतीवर आपटलंस. ते खाली पडले, तरी मारत राहिलास. त्यांचा दात उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. आई मात्र तुझा शर्ट मागून ओढत होती. मला वाटलं, तिला बाबांची दया आली. काल विचारलं तेव्हा म्हणाली, "मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. माझ्या पोराच्या चेहऱ्याकडे बघत होते."

आई आली तेव्हा तिचा उजवा हात जुन्या ओढणीत गुंडाळलेला होता आणि कोपरापर्यंत काळानिळा पडला होता. डॉक्टरांनी फोटो काढला, दोन्ही हाडं मोडलीत. आता प्लास्टर आहे. तिने तुझं नाव लगेच घेतलं नाही. बाथरूममध्ये पाय घसरला, म्हणाली. जन्मभर तिचा पाय बाथरूममध्येच घसरत आलाय. काल दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती मान न वळवता बोलायला लागली. तुझ्या पोटात जळजळतं, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, म्हणून तिने तुझ्यासाठी बिनतिखटाची भाजी केली. तू घास घेतलास, थांबलास, आणि ताट भिंतीवर गेलं. मग तू तिचा हात पाठीमागे पिरगाळलास. ती म्हणत होती, "अरे, तुझ्या पोटासाठी केली." कट्‌कन आवाज आला तेव्हा सोडलास आणि म्हणालास, "नाटकं नकोत." वहिनी मधे पडली, तर तिचं डोकं ओट्यावर आपटलंस. तुझी लेक कानांवर हात ठेवून उभी होती.

आज सकाळी आई आपणहून म्हणाली, "मला तिखट हवंय. चांगलं झणझणीत." म्हणून हा सगळा खटाटोप. पलंगावर बसून ती सांगत होती, मी टाकत होते. डाव्या हाताने जेवली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, तरी वाटी पुढे करून पुन्हा रस्सा मागितला. हात धुतला आणि म्हणाली, "चप्पल दे माझी."

आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, हात कसा मोडला. मला वाटलं, आता पुन्हा बाथरूम. आईने प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या मुलाने मोडला." बापाचं इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही, तुझं सांगितलं. बाहेर आल्यावर फुटपाथवरच बसली आणि खूप रडली. मी तिला उठवायची घाई केली नाही. तक्रार मागे घेऊ या का, हे मात्र तिने एकदाही विचारलं नाही.

पोलीस उद्या-परवा तुझ्याकडे येतील. फोन केला असता तर तू ओरडला असतास, आणि माझी वाचा बाबांसमोर बसायची तशीच बसली असती. म्हणून लिहितेय, कुरियरने पाठवतेय, म्हणजे उद्याच तुला मिळेल. हे तुला परक्याकडून कळू नये, माझ्याकडून कळावं. वहिनीला आणि लेकीला न्यायला वहिनीचा भाऊ आज सकाळीच गावाहून निघालाय, उद्या पोचेल. त्यांना जाऊ दे. दार अडवू नकोस, मागे धावू नकोस. आणि "कुणी सांगितलं?" म्हणून वहिनीवर हात उचलू नकोस. सांगितलं ते आईने. तक्रारीखाली साक्षीदार म्हणून सही आहे ती माझी.

अजूनही तुझीच,
छोटी