बत्ती बघायला नेलं

४ फेब्रुवारी १९६१, शनवार
दादा माहेरास्नं, शेलूस्नं आला. म्हणे, शेवंते, चल, थळासमोरच्या बेटावरची, जहाजांना वाट दावणारी जुनी बत्ती बघून येऊ, मुंबईची माणसं सुट्टीत मुद्दाम जातात. मी म्हटलं, भाऊजी सोडतील तर ना. तर दीर कधी नव्हं ते पयल्या हाकेला हो! जाऊबाईनं आपलं हिरवं लुगडं काढून दिलं. मालक जाऊन चार वर्सं झाली, या बाईनं मला सुतळीचा तोडा दिला नाय. माज्या सुमीला मात्र ठेवून जा म्हणाले भाऊजी. पाच वर्साची पोर, मचव्यात ओकंल म्हणे.
काहीतरी शिजतंय.

६, सोम.
यष्टीनं पेण, अलिबाग, मग थळ, मग मचवा. दादासंगं वैनी होती, तीच ओकली, तीनदा. म्हटलं, आता कळलं सुमीला का नाय आणली, तिची जागा तुला पायजे होती.
बेट म्हंजे दगड, देऊळ आनि उंच बत्ती. बत्तीवाले (पुढं नुसतं ब. लिहीन) चाळिशीचे, बायको वारलेली, पोरबाळ नाय. हे सगळं वैनीनं मी न इचारता सांगितलं. चहा त्यांनीच आणला, बशीत कप वाजत होते. तवा समजलं. मला दाखवायला आणलीय.
मग मी सोडते काय! म्हटलं, जरा चालून दाखवा बघू. दादा खोकला. ते खरंच दारापतुर चालून आले.
"सैपाक येतो?"
"भात, आमटी. मासे बरे करतो."
"चहात साखर कमी हाय. कळवू तुमाला."
तवा हसले. दात बरे हायत.

७
वारा सुटलाय. मचवा नाय.
दादाला देवळामागं घेऊन इचारलं. भाऊजींशी बोलणं झालंय, शिमग्याआधी पाट लावून माजं दुसरं लगीन करायचं. म्हटलं, आनि सुमी? दादा आपल्या वहाणांकडं बघत म्हणाला, "पोर त्यांच्या कुळाची. बाईचा पाट लागला की पोरं पयल्या घरी राहतात. तुला काय ठावं नाय?"
ठावं हाय. तुज्या तोंडून ऐकायचं होतं.
भाऊजींना शेतातला माजा वाटा मोकळा पायजे, आनि गुरांमागं पोर पायजे. मी तेवढी नको.
बेटाला पायी वळसा घातला. लगीच संपलं. परत घातला. सगळीकडं पाणीच.

८
वारा तसाच. गोल जिन्यानं वर गेले. ब. काच पुसत होते. माणसाएवढी काच, भोवती पडदे ओढलेले. म्हटलं, भर दिवसा पडदे, लाजता काय?
"ऊन या काचेतून गेलं तर आग लागते, बाई."
बत्ती फिरायला वजन हातानं वर ओढावं लागतं, सांजेपास्नं पहाटेपतुर. म्हटलं, मग गावाला कवा जाता? बदली माणूस आला की, म्हणाले. दोन वर्सं आला नाय.
सरळ इचारलं, माज्या पोरीचं काय?
हातातला फडका थांबला. "कुणाची मुलगी?"
कुणी सांगितलंच नव्हतं! किती वर्साची, इचारलं. मग "इथं शाळा नाही." मग परत काच पुसाय लागले. म्हटलं, एवढ्या पायऱ्या चढून आले, काहीतरी बोला की.
"पत्रानं कळवतो."
माणूस बरा हाय, म्हणून जास्त राग आला.

१०, शुक्र.
मचवा आला एकदाचा. घरी पोचले. सुमी रुसलीय, जवळ येत नाय.

२१, मंगळ.
भाऊजींच्या नावानं पत्र. घरात वाचणारी मी एकटीच, चौथी पास. म्हणाले, मोठ्यानं वाच.
लिहिलं होतं, मुलीबाबत आपण वडीलधारे ठरवाल ते मला मान्य आहे. बास. एवढाच धीर.
मी वाचलं, मुलगी सोबत येणार नसेल तर सोयरीक मोडली समजावी.
भाऊजींनी जाऊबाईकडं बघितलं. जाऊबाई चुलीपास्नं म्हणाली, "द्या की मग पोर पन. वाटा तर मोकळा होतोय."
"परत वाच."
वाचलं. शब्दाला शब्द जुळवला. सुमी मांडीत येऊन बसली होती.
"आजून एकदा."
तिसऱ्यांदा 'सोयरीक' म्हटलं का 'बोलणं', आता आठवत नाय. भाऊजींनी कागद घेतला, घडी घालून टोपीत ठेवला.

२२, बुध.
भाऊजी सकाळीच खालापूरला गेले, कचेरीत काम हाय म्हणाले. कचेरीत सगळेच वाचणारे.
ब.ना कार्ड टाकलं. 'तुमी आमच्या भाऊजींना पत्रात काय लिहिलंय ते खाली देते. कुणी इचारलं तर हेच सांगा. न जमलं तर तुमची आमटी तुमीच खावा.'
पोचायला दोन दिस तरी लागतील.
सांजची यष्टी आली. भाऊजी बांधावरनं येतायत. टोपी हातात हाय, आनि त्यातला कागद पन.