करार फाडणाऱ्या घरमालकीणबाईंना

सरजामावशी,

तुमी देवळातून यायच्या आत मी पिंकीला घेऊन निघाले. कुठं ते तुमाला ठाऊक हाय, इथं लिहीत न्हाई.

खोलीचा करार दिवाळीपर्यंतचा असूनबी काल तुमीच तो फाडून बंबात घातला. "भाड्यानं राहायचा करार केलास, मार खायचा न्हाई," म्हणल्या, तवा लय दिवसांनी मी पोटभर हसले.

पिंकीचा बाप हुडकत आला तर खुशाल बहिऱ्या व्हा. त्यानं हात उचलला की भिंतीपलीकडून तुमचा खलबत्ता वाजायचा. तुमाला किती ऐकू येतंय ते मला तवाच कळलं.

तुमची विरजणाची वाटी घासून ओट्यावर ठेवलीय. रिकामी वाटी कशी परत करू? डब्यात साखर न्हाई, म्हणून तिच्यात खोलीची किल्ली ठेवलीय. गोड मानून घ्या.

तुमची राजेश्री