वाकोल्याचं प्रसूतिगृह

१४ नोव्हेंबर १९५७

विद्याधरला आता धडा शिकवायचाच!

गेल्या वर्षी दूध केंद्रांच्या पाहणीसाठी भांडुपभर चपला झिजवल्या मी, अहवाल लिहिला मी, आणि वर नाव एकट्या विद्याधरचं. आत बारीक अक्षरांत — 'महिला कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.' सहकार्य! एम.ए.ला एकाच वर्गात होतो आम्ही, मार्क मला जास्त होते. आज तो साहेब आहे म्हणून मी विसरेन असं त्याला वाटतंय.

आता नवी पाहणी. एकच प्रसूतिगृह मंजूर होणार — वाकोल्याला किंवा मुलुंडला. जिथे बाळंतपणं जास्त, तिथे. प्रश्न साहेबांनी स्वतः तयार केलाय : गेल्या वर्षी या घरात किती मुलं जन्मली?

वाचून मला हसूच आलं.

१९ नोव्हेंबर

वाकोला. खोल्याखोल्यांतून नवी जोडपी, दारोदार दुपटी वाळत घातलेली, आणि माझ्या कागदावर भोपळा! बाळ मांडीवर खेळतंय, पण जन्मलंय आजोळी. सातव्या महिन्यात सगळ्या माहेरी जातात ना. मुलुंडच्या जुन्या घरांतून उलटा प्रकार — एकेका घरात दोन-दोन लेकी बाळंतपणाला आलेल्या. आकडे मुलुंडचेच फुगणार. वाकोल्यात जवळ दवाखाना नाही म्हणून बायका जातात, आणि जातात म्हणून दवाखाना मिळणार नाही!

विद्याधरची स्वतःची बायको, जयंती, मुलुंडला माहेरीच आहे सध्या. तिला पोचवून आलाही हाच. तरी डोक्यात प्रकाश पडत नाही.

मी सांगणार नाही. मंजुरी देणाऱ्या समितीपुढे त्याचे आकडे वाचून होऊ देत. मग उठेन आणि सगळ्यांदेखत त्याची जिरवेन.

२ डिसेंबर

काही अडचण नाही ना, विद्याधरने विचारलं. म्हटलं, छे, झकास चाललंय.

१० डिसेंबर

वाकोल्याच्या पर्पेच्युआबाईंनी हात धरून घरात बसवलं, चहा पाजला. मुलाचं, हर्बर्टचं, नुकतंच लग्न झालंय. सून तेरेसा आईवेगळी, मावशीने वाढवलेली.

"तिला माय नाय, माहेर नाय," बाई म्हणाल्या. "उद्या दिवस राहिले तर ती कुठं जाणार? तू चांगलं लिव हां आमच्यासाठी."

लिहिते म्हटलं. लिहिलं शून्य. प्रश्नच तसा होता!

परतताना वाईट वाटत होतं. पण समितीत मी बोलणारच आहे. विद्याधरची फजिती होईल, वाकोल्याचंही काम होईल.

१७ जानेवारी १९५८

मला आत बोलावलंच नाही! बाहेर बाकावर बसवलं. बायकांची बाळंतपणं कुठे व्हावीत हे ठरवायला आत सगळे बापे. एकालाही शंका आली नाही. चहा पिऊन बाहेर आले — मुलुंड.

अध्यक्ष माझ्या समोरूनच गेले. दोन शब्दांत सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण एवढ्यावर विद्याधर सुटला असता — चूक दुरुस्त केली असती, पुन्हा साळसूद. नाही. अहवाल त्याच्या नावाने छापून येऊ दे. मग वर्तमानपत्रात त्याची अशी लक्तरं काढते की तोंड लपवायला जागा उरणार नाही.

वाकोला थांबेल थोडं.

२६ जानेवारी

ऑफिसला सुट्टी. त्याचा चेहरा कसा पडेल, त्याचाच विचार दिवसभर. फार बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

जयंतीला मुलगी झाली. मुलुंडला. विद्याधरने पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

६ मार्च

अहवाल छापून आला. मुलुंडचं काम मंजूर, आता बदल नाही.

बाळंतपणांच्या प्रकरणावर विद्याधरचं नाव नाही. माझं आहे. एकटीचं, ठळक अक्षरांत.

"दूध केंद्रांच्या वेळी तुमच्यावर अन्याय झाला, शुभाबाई," तो म्हणाला. "मनाला लागून राहिलं होतं."

खरंच बोलत होता. मी त्याचे आभार मानले.

वाकोल्यात त्याला कोणी ओळखत नाही. मला घरोघर ओळखतात.