अंगावर दाखवू नये

४ डिसेंबर १९६१, माळहिप्परगे

दुपारी पोहोचलो. नळदुर्गपर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी. वाटेत प्रमोदिनी शिवणयंत्राला सांभाळत होती आणि आमची प्रभा गाडीवानाला शाळेतल्या सगळ्या कविता ऐकवत होती. शेवटी त्याने बैलांना उद्देशून सांगितले की जरा पाय उचला, नाहीतर पोरगी पुढच्या इयत्तेला जाईल. आम्ही तिघेही खूप हसलो.

राहायला मिळालेली जागा गावाबाहेर रस्त्यावर आहे. निजामाच्या वेळी ही करोडगिरीची चौकी होती. मालाने भरलेल्या बैलगाड्या दिसाव्यात म्हणून खोल्यांना दोन्ही बाजूंनी मोठ्या खिडक्या ठेवल्या आहेत. जकात गेली, आता अर्ध्या भागात दवाखाना आहे आणि अर्ध्यात आम्ही. उजेड भरपूर. प्रमोदिनी म्हणाली, लातूरच्या खोलीपेक्षा हा राजवाडा आहे.

दवाखान्याचा शिपाई बब्रुवान मला डाक्टर म्हणतो. मी त्याला नीट सांगितले की मी डॉक्टर नाही, पुष्कळ वर्षे शाळेत शास्त्र शिकवले आणि आता आरोग्यशिक्षक झालो. डॉक्टर आठवड्यातून एकदा नळदुर्गहून येणार. मधल्या दिवसांत लोकांना समजावून सांगायचे, की कुठल्या दुखण्याची कारणे कोणती असू शकतात, घरी काय करावे आणि कधी क्षणभरही थांबू नये, हे माझे काम. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "व्हय डाक्टर."

९ डिसेंबर

चावडीत पहिला वर्ग घेतला. बायका बऱ्याच आल्या. डोके दुखले की लगेच दृष्ट काढू नका. ऊन, उपास, डोळ्यांचा ताण, हिवताप, बद्धकोष्ठ, कारणे पुष्कळ असतात, असे सांगितले. मोठ्या माणसाचे आणि मुलाचे दुखणे सारखे समजू नये, मुलाचे भराभर चढते, हेही सांगितले. एरवी स्वतःच्या बोलण्यावर मी क्वचितच खूश असतो. आज थोडा झालो.

एक गोष्ट ध्यानात आली. विठाबाई म्हणून एक आहे, तिच्या मुलाला खोकला आहे. छातीत नेमके कुठे दुखते म्हणून विचारले तर तिने स्वतःच्या छातीला हात लावला नाही. उठून चावडीच्या खांबाजवळ गेली आणि खांबाला बोट लावून म्हणाली, "हितं." बाकीच्याही तसेच करतात. दुसऱ्याचे दुखणे माणसाच्या अंगावर दाखवू नये, दाखवले की ते तिथून उठून या अंगात येते, अशी समजूत. माझी आईही हेच म्हणायची. आमच्याकडे ते बोलण्यापुरतेच होते. इथे मात्र खांब बोटांनी गुळगुळीत झाला आहे.

पण खांबाला डावे-उजवे नाही. पोटात उजवीकडे खाली दुखणे आणि वर बेंबीपाशी दुखणे यांत जिवाचा फरक असतो. शरीराचा तक्ता प्रवासात भिजून फाटला. दुसरा मागवला आहे.

१६ डिसेंबर

तक्ता आला नाही. आज प्रभाला टेबलावर उभे केले. ती आनंदाने तयार झाली, वेण्यांना नव्या रिबिनी बांधून आली. मी तिच्या अंगावर दाखवत गेलो. इथे फुप्फुस, मूल श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल तर थांबू नका. हा कान, हा वाहत असेल तर तेल ओतू नका. हा सांधा, इथे पोट.

बायकांत कुजबुज झाली. गजराबाई नावाच्या म्हातारीने तोंडाला पदर लावला. माझ्या अंगात एकदम शिक्षक संचारला. मी म्हटले, आता तुम्ही या आणि आपल्या मुलाचे कुठे दुखते ते हिच्या अंगावर दाखवा. कोणी उठेना. तेव्हा पाटील गुंडप्पा दारातून हसत म्हणाले, "जावा की गं! खांब मुका हाय, ही पोरगी ओ तरी देईल." विठाबाई पहिली उठली. तिने प्रभाच्या उजव्या बरगडीला बोट लावले आणि लगेच काढून घेतले. प्रभा "ओ" म्हणाली. सगळ्या हसल्या. मग रांगच लागली.

एका वर्गात अंधश्रद्धा मोडली असे लिहिणार होतो. तसे लिहिणे गर्वाचे होईल.

२० डिसेंबर

प्रभाला परवापासून खोकला आहे. आज ताप. उजव्या कुशीवर झोपवत नाही म्हणते. कारणे: थंडी, गाडीतली धूळ, जागाबदल. वाफ दिली. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या.

विठाबाईचा मुलगा पूर्ण बरा झाला. तोही त्याच गोळ्यांनी, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

२७ डिसेंबर

खोकला उतरला, आणि आज शाळेतून येताना प्रभाचा डावा कान वाहू लागला. सर्दीतून कानाला सूज येते, पडदा फाटतो, पू येतो, मुलांत नेहमीचे आहे. मीच हे चावडीत सांगितले होते. ऐकून ऐकून पोर मनाने आजारी पडली का, असाही विचार आला. पण मनाने पू येत नाही.

संध्याकाळी चावडीतल्या त्या रांगेतली द्वारकाबाई बोरे घेऊन आली. तिच्या मुलाचा कान दोन पावसाळे वाहत होता, तो आज दुपारी कोरडा पडला. कोणता कान, असे मी विचारले. विचारायला नको होते.

२ जानेवारी १९६२

तक्ता आला. रंगीत, कापडावर चिकटवलेला, सुरेख. चावडीत लावला. कोणी त्याच्याकडे बघितले नाही. सगळ्या मागे वळून दाराकडे बघत होत्या, प्रभा येते का म्हणून.

मी सांगितले की ती आता येणार नाही.

५ जानेवारी

घरी माणसे येऊ लागली आहेत. हरभऱ्याचे ढाळे, शेंगा, गूळ, कोणी काही, कोणी काही आणते. प्रभाची चौकशी करतात, तिला माय, बाय म्हणतात. पदराखाली हात असतो. प्रमोदिनीने आज एकीचा पदर ओढला. बोट प्रभाकडे रोखलेले होते. ती बाई रडू लागली. थोडेच दावलेय बाई, म्हणाली, लई न्हाय, अर्धेच बोट दावलेय.

प्रमोदिनीने मला विचारले की हे खरे आहे का. मी कारणे सांगू लागलो. ती उठून गेली.

९ जानेवारी

दोन्ही गुडघे सुजले. हात लावू देत नाही. डॉक्टर म्हणाले, घसा धरल्यानंतर सांध्यांचा ताप येतो, हृदय जपायला हवे, पडून राहू द्या, पेनिसिलिन देऊ. चांगला, मनापासून बघणारा माणूस आहे. एकाच मुलीला एवढ्या थोड्या दिवसांत एवढे कसे, असे मी विचारले. अंगात ताकद कमी असते कुणाकुणाच्या, म्हणाले. मी बोटांचे सांगितले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले आणि मलाच झोपेची गोळी देऊन गेले.

त्यांच्या जागी मी असतो तर हेच केले असते.

१२ जानेवारी

चावडीत गेलो आणि हात जोडले. माझी चूक झाली, खांबाकडे परत जा, म्हटले. मी, शास्त्राचा पदवीधर, त्यांना सांगत होतो की खांबाला बोट लावा.

 सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी गजराबाई म्हणाली की खांब दुखणे नुसते ऐकतो, घेत नाही. तुमची लेक घेते. गुंडप्पांच्या तोंडावर आज हसू नव्हते. म्हणाले, "साहेब, तुमची एक हाय. आमची गावभर हायत."

 

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला म्हणून आल्या. दार लावून घेतले. मग खिडक्या. या घराला खिडक्या फार.

प्रभाच्या पोटात कळा. जंत, मुरडा, कच्ची बोरे— बोरे तिने खाल्लेलीच नाहीत.

१७ जानेवारी

गावातली मुले बरी आहेत. रस्त्यावर खेळतात. शाळेत सगळी हजर. एवढी निरोगी मुले कुठल्या गावात बघितली नाहीत. कामाचा अहवाल लिहायचा तर उत्तम आहे. आनंद व्हायला हवा, आणि एखाद्या क्षणी तो खरोखर होतो, म्हणून मी स्वतःला—

प्रभा विचारते, मी कोणाला काय केले?

१८ जानेवारी

स्वतःवर करून पाहिले. प्रभाचे पोट, म्हणून माझ्या पोटाला बोट लावले. गुडघे. कान. सगळे. काही झाले नाही. प्रमोदिनीला दाखवायला लावले. तिने माझ्या अंगावर दाखवले, मी तिच्या. आम्ही दोघे वेड्यासारखे एकमेकांना बोटे लावत बसलो होतो.

बब्रुवान दारात उभा होता. म्हणाला, "लेकराचं लेकरालाच जातंय, डाक्टर. मोठ्याला न्हाय लागत." मग तो लगेच निघून गेला. त्याला तीन मुले आहेत. जाताना आमच्या खोल्या आणि दवाखाना यांमधले दार त्याने पलीकडून ओढून घेतले.

२१ जानेवारी

गोधड्या लावून खिडक्या बुजवल्या. तरी बाहेरून भिंतीशी येऊन सांगतात. ही डाव्या डोळ्याची, हे हिवतापाचे. नम्रपणे. माफ कर माय, म्हणतात. लोहारा गावाकडूनही गाड्या येतात आता.

डावा डोळा लाल. थंडी वाजून ताप.

मी बाहेर जाऊन भांडलो. एकाला ढकलले. त्याच्या कडेवर पोर होते. दोघेही पडले. पोराला खरचटले, तेवढे सोडून ते— तेवढे सोडून ते ठणठणीत होते.

२३ जानेवारी

दुपारी गाडी थांबली. बलभीम म्हणून लोहाऱ्याचा शेतकरी. पोर गाडीत आडवे, ताप, उजेड सोसत नाही, मान ताठ. मी बघितले. हे काय असू शकते ते मी शिकवतो. मी ओरडून सांगितले, इथे थांबू नको, तसाच नळदुर्गला जा, मेंदूचा ताप असेल, पाठीत सुई घालून बघतील, औषध आहे, वाचेल. तो ऐकत होता. मान हलवत होता. आणि बोट खिडकीकडे.

मी बोट धरले. दोन्ही हातांनी धरले. त्याला दुसरा हात होता.

पोर उठून बसले. पाणी मागितले.

आत प्रमोदिनीची किंकाळी.

२४ जानेवारी

कोणी गाडी देत नाही. आम्ही गेलो तर— त्यांच्या डोळ्यांत दिसते. वाईट माणसे नाहीत. दूध आणून ठेवतात दाराशी.

मान उशीवर टेकत नाही तिची.

२४, पुढे

बलभीमच गाडी घेऊन आला.  बैल जुंपलेले होते. त्याच्या बायकोने पाठवले, एवढेच म्हणाला. प्रभाला उचलताना तो रडत होता.

वेशीजवळ सगळे उभे. नमस्कार केला आम्हाला. जोडलेल्या हातांतून किती बोटे बाहेर होती ते मी बघितले नाही. बघितले.

२५ जानेवारी, नळदुर्ग

दवाखान्याच्या ओसरीवर. डॉक्टर आत आहेत, एका बाईचे बाळंतपण अडले आहे. येतीलच म्हणतात. प्रमोदिनी बर्फ मिळतो का बघायला हमरस्त्यावर गेली आहे.

प्रभाचे डोके माझ्या मांडीवर. हाक मारली तर आता ओ देत नाही. श्वास चालू आहे. थांबतो, पुन्हा चालू.

समोरच्या बाकावर एक बाई. तिच्याजवळ मुलगी, सातआठ वर्षांची. पायात काटा मोडला आहे, बाकी काही नाही. भुईमुगाच्या शेंगा खाते आहे. टरफले नीट एका जागी ठेवते आहे.

बाईने विचारले, काय झालेय लेकराला. ताप, म्हटले.

ती कोण, कुठली, मला माहीत नाही. इथे मला कोणी ओळखत नाही.

मी लिहितो आहे. लिहिताना उजवा हात कामात राहतो. डावा प्रभाच्या डोक्याखाली आहे, तो काढायचा नाही.

हे खरे नाही. मेंदूचा ताप जंतूंनी येतो. कारण आहे त्याला. कारण आहे. मग त्या मुलीवर नुसते दाखवायला काय हरकत, खरे नसेल तर— नाही. खरे असेल तर—

विठाबाईनेही फक्त एकदाच—

श्वास थांबला. आला.

मुलगी माझ्याकडे बघून हसली. शेंगा पुढे केल्या.

बाई पुन्हा विचारते आहे, कुठे दुखतेय म्हणून. तोंडाने सांगेन. मान, एवढेच म्हणेन. हात वहीवर आहे. डॉक्टर येत नाहीत. श्वास नाही. प्रभा. प्रभा. हात वहीवर आहे. हात वहीव—