मेब्री बाई

प्रिय वेरलीन,

तू फोनवर म्हणालीस, “आई, जूनमध्ये शाळेचं वर्ष संपेपर्यंत तोंड बंद ठेव. तू टिकलीस, तर मलाही तिथे नोकरी मिळेल.” मी हो म्हणाले आणि खरंच प्रयत्न केला गं.

काळ्या-गोऱ्या मुलांनी एकत्र शिकावं या कोर्टाच्या हुकुमानंतर आपली काळ्यांची शाळा बंद झाली, मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली आणि आपले शिक्षक घरी बसले. दाखवण्यापुरतं मला एकटीला ठेवलं. पहिल्या दिवशी हेडमास्तर टार्व्हरनी वर्गाला सांगितलं, “ही आयडेला, तुम्हाला गणित शिकवेल.” शेजारच्या वर्गात कालपरवा कॉलेजातून आलेली पोरगी मात्र ‘होलकम बाई’. आपल्या माणसाला बाई म्हणायचं तर इथल्या गोऱ्यांची जीभ झडते. तुझ्या आजीने जन्मभर त्यांचे कपडे धुतले आणि त्यांची शेंबडी पोरं तिला नावाने हाक मारायची. ते मी गिळलं होतं. पण वर्ग माझा आहे.

मग मी बहिरी झाले. “ए आयडेला” कानावर आलं की मी फळ्यावर लिहीत राहायची. पोरं ओरडायची, बाकं वाजवायची. तुझे बाबा ओट्यावर उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाले, बहिरेपण घरी आणू नकोस म्हणजे झालं. हसले मी, पण मनात वेगळंच सलत होतं. आपली मुलं, जी मला कायम बाई म्हणत आली, ती आता गोऱ्यांसमोर मला काहीच म्हणेनाशी झाली. नुसता हात वर करून बसायची. त्याचं मला फार वाईट वाटलं.

हिवाळ्यात लुअ‍ॅन नावाची गोरी मुलगी अपूर्णांकांत अडकली. परीक्षा तोंडावर आलेली. दोनदा नावाने हाक मारून झाली, मग हळूच म्हणाली, “मेब्री बाई, हे कसं सोडवायचं?” मी जवळजवळ धावत गेले तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावरच्या मैत्रिणी बाई म्हणाल्या आणि मग आपल्या मुलांनाही कंठ फुटला. त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

पण लुअ‍ॅन जेवताना घरीही ‘मेब्री बाई’ म्हणून बसली. तिचे वडील शाळेच्या कमिटीवर आहेत. टार्व्हरनी मला बोलावून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “आयडेला, गावाच्या विरुद्ध कशाला जातेस? मुलांना सांग, नावानेच हाक मारा.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी पुन्हा हाक मारली. मला ऐकूच आलं नाही.

पुढच्या वर्षी माझी नोकरी नाही, हे काल कळलं. आणि माझ्या जागी ते तुला घेणार आहेत. कोर्टासाठी आपलं कुणीतरी हवंच, आणि तरुण पोरगी सहज वाकेल असं त्यांना वाटतं. त्यांचं बोलावणं तुझ्या हाती पडण्याआधी हे पोचावं म्हणून घाईने लिहितेय. तुला संताप येईल, नाही म्हणावंसं वाटेल. नाही म्हणू नकोस. तिथे आपल्या मुलांना आपलं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही. जा, आणि वर्गात तुझं पहिलं नाव कुणालाही सांगू नकोस, कुणी कितीही गोड बोलून विचारलं तरी.

हट्टी खरी, पण तुझीच,
आई