लवंगेच्या वासाचा घोट

ती. आईस,
धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. हॉटेलात आता मला वाइन चाखायला शिकवतात. घाबरू नकोस, घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा असतो. म्हणजे निघताना तू घातलेली शपथ मोडत नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते.

काल मात्र एका लाल वाइनला लवंगेचा वास आला. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरून तू माझी वेणी घालायचीस ना, अगदी तसाच. मास्तर म्हणाले, "थुंका." मला थुंकवलं नाही गं. गिळला.

दाढ अजून ठणकते का? रागाव, पण उत्तर लिही.

तुझी अपराधी,
धाकटी

ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. नंतर मी आणखी एक घोट मागून घेतला.